फोन घरात एकच, फायली दोन

यवतमाळ, अकोला, वाशिमकडची समुपदेशक मंडळी भेटली की हल्ली पहिला प्रश्न ठरलेला असतो: "क्लिनिकचं सॉफ्टवेअर का बदललंत? चांगलं चाललं होतं ना? आणि आम्हीही बदलावं का?" फोनवर उत्तर द्यायला जाते, तेवढ्यात दारात पुढचा माणूस येऊन बसतो आणि बोलणं अर्धंच राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

महाग पडत होतं म्हणून बदललं नाही, जुनाट दिसायचं म्हणूनही नाही. माझ्या नावानं ते बाहेर कुणाला काय सांगतं, यावर माझा ताबा नव्हता, म्हणून बदललं.

मी दिग्रसला बसते. आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी असलेली क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. गोळ्या लिहून देत नाही, माझं काम बोलण्याचं. दारव्हा, आर्णी, मानोरा, पुसद या बाजूनं लोक येतात, बहुतेक एसटीनं. जुनं सॉफ्टवेअर होतं ओपीडीवाल्या डॉक्टरांसाठी बनवलेलं. टोकन, प्रिस्क्रिप्शन, पुढची तारीख, संपलं. एक टोकन दहा मिनिटांचं, त्यामुळे पन्नास मिनिटांच्या सेशनसाठी एकाच माणसाला सलग पाच टोकन द्यावे लागत. बाहेर बसलेले लोक रिसेप्शनवरच्या मुलीशी भांडायचे, "त्या एकट्या बाईले पाच नंबर कावून देल्ले?" तिच्याकडे याचं उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं.

दुसऱ्या टोकाला अमेरिकेतले खास थेरपिस्टसाठी बनवलेले प्रोग्राम आहेत. सिंपलप्रॅक्टिस, थेरपीनोट्स ही त्यातली गाजलेली नावं. नोट्सचे साचे छान, पण सगळा डोलारा विमा कंपनीला बिल पाठवण्यावर उभा. तिथे ९०८३४ हा कोड म्हणजे ४५ मिनिटांचं सेशन, ९०८३७ म्हणजे ६० मिनिटांचं. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजाराच्या बरोबरीनं धरायला सांगितलंय खरं, पण माझ्या टेबलावर पैसे येतात ते रोख नाहीतर फोनपेनं. जे लागणारच नाही त्याचे डॉलरमध्ये पैसे कशाला मोजायचे?

आता मुख्य गोष्ट. जुन्या सॉफ्टवेअरमधून भेटीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आठवणीचा मेसेज जायचा. कंपनीचा ठरलेला मजकूर: पेशंटचं नाव, माझं नाव, "कौन्सेलिंग सेशन" आणि वेळ. पुण्या-मुंबईत ज्याचा फोन त्याच्या खिशात असतो. आमच्याकडे बाईनं दिलेला नंबर नवऱ्याचा असतो, नाहीतर पोराचा, कधी शेजारणीचा. एक सून माझ्याकडे यायची, घरी सांगायची की पाठ दुखते, डॉक्टरकडे जाते. (ओळख पटू नये इतपत तपशील इथे बदलले आहेत.) एक दिवस आली ती उभीच राहिली, पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. "मॅडम, तुमचा मेसेज आधी माह्या देरानं वाचला, मंग साऱ्या घरानं. आता मी येत नाही. तुमी बी बोलावू नका." तिनं त्या दिवसाचे पैसे टेबलावर ठेवले. मी घेत नव्हते तरी ठेवून गेली.

मी कंपनीला म्हटलं, मजकूर बदला, "कौन्सेलिंग" हा शब्द काढा. होत नाही म्हणाले. त्यात त्यांची लबाडी नव्हती. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१८ च्या नियमांमुळे असा प्रत्येक मेसेज डीएलटी नावाच्या व्यवस्थेत आधी मंजूर करून घ्यावा लागतो. मंजूर साच्यात नाव, तारीख, वेळ अशा मोकळ्या जागा तेवढ्या भरता येतात, बाकी अक्षर हलवता येत नाही. साचा कंपनीच्या नावावर आणि तोच सगळ्या क्लिनिकांना. माझ्या एकटीसाठी नवा साचा मंजूर करून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. बरं, एकाच माणसाचा मेसेज बंद करावा, तर तीही सोय नाही. बंद केला तर सगळ्यांचाच. मराठीत पाठवा म्हटलं तर खर्चाचं कारण. तेही खोटं नाही. इंग्रजी मेसेजमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०, त्यामुळे मराठी मेसेज जरा लांबला की दोनाचे पैसे लागतात.

२०१७ च्या त्याच कायद्याच्या कलम २३ नं पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्यावर टाकलीय. सॉफ्टवेअर कंपनीचा तिथे उल्लेख नाही. म्हणजे मेसेज तिनं पाठवला तरी जाब मला.

मग नवं शोधायला लागले. डेमो देणारी मुलं तुम्हाला आधी रंगीत आलेख दाखवतील: या महिन्यात किती पेशंट, किती कमाई. दाखवू द्या. त्यांचं झालं की आपले प्रश्न काढायचे. एका नंबरावर दोन माणसं नोंदवता येतात का? एकट्या माणसाचा मेसेज बंद करता येतो का? माझ्या नोट्स तुमच्या माणसाला दिसतात का, आणि कुणी उघडल्या तर त्याची नोंद राहते का? लाइट गेली, नेट गेलं, तर दिवसाची यादी तरी दिसेल का? आणि शेवटी, उद्या मी सोडून जायचं ठरवलं तर माझ्या हातात काय काय द्याल, कोणत्या स्वरूपात? एक नागपूरचा मुलगा यावर हसायलाच लागला. "मॅडम, लग्नाआधीच फारकतीचं विचारून राहिल्या तुम्ही!" म्हटलं, बाबा, माझा धंदाच तो आहे. त्याच्याकडूनच घेतलं शेवटी, कारण त्यानं हसून झाल्यावर सोडून जाणाऱ्याला मिळते तशी नमुना फाइल खरोखर काढून दाखवली. बाकीचे "सगळं मिळतं मॅडम" यापुढे जात नव्हते.

हलवाहलव करताना जे समोर येतं ते सांगते, म्हणजे तुमचं डोकं कमी फिरेल. जुन्या प्रोग्राममधून नावं, पत्ते, नंबर सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये, निघतात. नोट्स बहुधा पीडीएफमध्येच मिळतात. त्या वाचता येतात, पण नव्यात ओळीनं भरता येत नाहीत. सीएसव्हीवर डबल क्लिक केलं की एक्सेल उघडतं आणि मराठी नावांच्या जागी रोमन ए आणि त्याच्या डोक्यावर टोप्या अशी रांग दिसते. डेटा खराब झालेला नसतो. फाइल युनिकोडची, म्हणजे मराठीसकट सगळ्या लिप्या चालणाऱ्या पद्धतीची, आहे हे एक्सेलला कळलेलं नसतं. डबल क्लिक करू नका. एक्सेलच्या डेटा मेनूतून फाइल आत घ्या, तिथे यूटीएफ-८ (युनिकोडचाच प्रकार) निवडा आणि मोबाईलच्या रकान्याला "टेक्स्ट" सांगा. नाही सांगितलं तर ९१ लावलेला बारा आकडी नंबर एक्सेल ९.१९ई+११ असा करून दाखवतं. ती फाइल तशीच सेव्ह झाली की शेवटचे आकडे गेले ते गेलेच. तारखांचंही तेच. महिना आधी लिहिण्याची अमेरिकन पद्धत लागली की ७ जूनची भेट ६ जुलैला जाऊन बसते. इकडे ७ जून म्हणजे मृग, पेरणीची धांदल, म्हणून मला ती चूक लगेच डोळ्यात खुपली; एखाद्या साध्या तारखेची खुपली नसती. वेळेचीही एक गंमत. फाइलमधल्या वेळा नव्या प्रोग्रामनं ग्रीनविचच्या धरल्या तर सगळ्या भेटी साडेपाच तास पुढे सरकतात, उलट झालं तर मागे. सकाळी साडेदहाचा माणूस मला पहाटे पाचला दिसत होता.

पण हे सगळं दिसतं तरी. न दिसणारं सांगते. खऱ्या फायली टाकण्याआधी मोजक्या फायली टाकून बघायचं ठरवलं आणि त्यात मुद्दाम एकाच घरातली सासू-सून घेतली. दोघी वेगवेगळ्या दिवशी येतात. आडनाव अर्थात एकच, फोन घरातला एकच. पुसद-दिग्रस पट्ट्यात तांडे आहेत. राठोड, चव्हाण, पवार, जाधव, आडे एवढ्या आडनावांत अर्धी यादी संपते. नव्या प्रोग्रामनं नंबर आणि आडनाव जुळलेलं पाहून "एकच व्यक्ती दोनदा नोंदली गेली आहे" असं ठरवलं आणि दोन्ही फायली एक करून टाकल्या. स्क्रीनवर सासूचं नाव, त्याखाली तारखेनुसार नोट्स: एक सासूची, एक सुनेची, पुन्हा सासूची. सून सासूबद्दल जे बोलली होती ते सासूच्या फाइलमध्ये. त्याच मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २५ नुसार पेशंटला स्वतःच्या नोंदी मागण्याचा हक्क आहे. सासूबाईंनी उद्या फाइल मागितली असती आणि रिसेप्शनवरच्या मुलीनं प्रिंट काढून दिली असती, तर त्या घरात काय झालं असतं ते तुम्हाला सांगायला नको.

हे प्रोग्राम बनवणाऱ्यांच्या हिशोबात मोबाईल नंबर म्हणजे माणूस. आपल्याकडे मोबाईल नंबर म्हणजे घर. नागपूरच्या त्या मुलाला फोनवर हे समजवायला वेळ लागला, पण एकदा समजल्यावर त्यानं आपोआप फायली एक करणं बंद करून दिलं आणि प्रत्येकाला वेगळा केस नंबर लावला. आता नंबर ही नुसती संपर्काची जागा आहे, आणि तिच्यापुढे एक रकाना: "या नंबरावर काय बोललं तर चालेल?" तिथे पेशंट सांगेल ते लिहायचं. "फक्त मिस कॉल द्या", "पोरगा उचलला तर विम्याचं सांगा", "मेसेज नकोच". मेसेज आता मागेल त्यालाच जातो, त्यात फक्त उद्याची वेळ असते.

हलवण्याची वेळ नीट निवडा. मृगात नको, सोयाबीनच्या सोंगणीत नको, कापसाच्या वेचणीत तर नकोच. तेव्हा येणाऱ्यांची तारांबळ असते आणि हुकलेल्या भेटी आपल्यामुळे हुकल्या की शेतामुळे ते कळत नाही. मी रामनवमीचा आठवडा धरला. पोहरादेवीच्या यात्रेमुळे एसट्या भरलेल्या असतात, क्लिनिक रिकामं. जाता जाता एक तक्रार: कोणत्याच प्रोग्रामच्या सुट्ट्यांत पोळा नसतो, तान्हा पोळा तर लांबच.

काहीही हलवण्याआधी ज्यांच्या जिवाला धोका वाटतो त्यांची यादी मी हातानं कागदावर लिहून काढली. पुढची भेट कधी, घरातल्या कुणाला फोन करायचा, फवारणीचं औषध कुठे आणि कुणाच्या कुलपात ठेवायचं ठरलंय. प्रोग्राम बदलताना पुढच्या भेटी गळतात हे गृहीत धरा, आणि या माणसांची एकही भेट गळून चालत नाही. मधल्या काळात त्यांच्या हातात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पुन्हा एकदा लिहून दिला.

सगळं नव्यात न्यायचं का? मी नाही नेलं. बंद झालेल्या केसेस पीडीएफ करून कुलूपबंद ड्राइव्हवर ठेवल्या. चालू माणसांना समोर बसवून विचारलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात संमतीचा मजकूर इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी माणसाला हवी त्या भाषेत वाचता येण्याची सोय सांगितली आहे. त्यात मराठी आहे, बंजारा बोली नाही. तांड्यावरच्या म्हाताऱ्यांना ते रिसेप्शनवरच्या मुलीनं गोरमाटीत समजावून सांगितलं. एक आजोबा म्हणाले, "नाव टाक, तारीख टाक, बोललो ते टाकू नको." मला ते पटलं. आता कॉम्प्युटरवर तारीख, प्रगती, धोका आणि पुढचं काम एवढंच असतं. माणूस नेमका काय बोलला ते माझ्या वहीत, वही कपाटात.

पैशांचं थोडक्यात. वर्गणीवर १८ टक्के जीएसटी धरून हिशोब करा, आणि जुनी वर्गणी संपल्यावर नोंदी निदान वाचता येतील की तीही दारं बंद, हे लेखी घ्या. आगाऊ भरलेल्या सेशनचे पैसे हातानं जुळवा, ते फाइलमध्ये धड येत नाहीत.

तुम्ही बदलावं का? दिवसाला चार-पाच माणसं असतील तर वही आणि कुलूप पुरे, उगाच कुणाच्या नादी लागू नका. सॉफ्टवेअर आहेच आणि मेसेज तुमच्या हातात असेल, घरातल्या दोघांच्या फायली वेगळ्या राहत असतील, तर दिसायला कितीही जुनाट असो, राहू द्या. आधी तुमच्या पाठवलेल्या मेसेजपैकी एक स्वतःच्या सासऱ्यांच्या फोनवर मागवून वाचा, मग ठरवा.

जुन्या कंपनीकडे मी माझ्या पेशंटांचा सगळा डेटा पुसल्याचं लेखी मागितलं आहे. "तुमची विनंती नोंदवली आहे" एवढंच उत्तर आलंय. काल पुन्हा मेल टाकला.