वाचता येत नाही म्हणजे नेमकं काय येत नाही? चौथीच्या वर्गातला माझा अनुभव

जूनमध्ये पुस्तक उघडण्याआधी मी प्रत्येक मुलाला 10 मिनिटं बाजूला घेते. दुसरीच्या पातळीचा साधारण 60 शब्दांचा उतारा त्याला वाचायला देते, मग तेवढाच सोपा दुसरा उतारा मी वाचून दाखवते. दोन्हींवर 5-5 तोंडी प्रश्न. स्वतः वाचून 1 उत्तर आणि ऐकून 4, असं झालं की पोराला कळतंय, अक्षरं आडवी येतायत. मी सांगतेय ते अशाच मुलांविषयी, ज्यांना विशिष्ट अध्ययन अक्षमता (समज असूनही वाचन-लेखन-गणितात येणारी अडचण) असेल अशी शंका येते. दोन्हीकडे 1च आलं तर अडचण वेगळी असते: घरची भाषा, लांबलेली गैरहजेरी किंवा ऐकू कमी येणं. म्हणून डोळे आणि कान तपासून घ्यायला आधी सांगते. रोज 5 मुलं धरली तर 48 च्या वर्गाला 10 शाळेचे दिवस लागतात, आणि ते वाया जात नाहीत.

पुढचे तीन आठवडे वह्या बघायच्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मी मोजतच नाही, त्या शिक्षक-खोलीतल्या सूचना वहीतही सापडतात. मी शोधते ते घ-ध, भ-म, य-थ यांतली गल्लत, मधलं अक्षर गळणं, ‘दिवस’चं ‘दविस’ आणि ‘सूर्य’चं ‘सुय’. एकाच जातीची चूक पुन्हा पुन्हा दिसली की तेवढीच हातात घ्यायची. सगळ्या एकदम दुरुस्त करायला गेलं की वही लाल होते आणि मूल लिहिताना हात आखडतं.

‘दविस’ हा निष्काळजीपणा नव्हे. कानाला आधी ‘द’ ऐकू येतो, मग ‘इ’. कागदावर मात्र पहिली वेलांटी द च्या डावीकडे बसते. ऐकण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम जुळत नाहीत, आणि वेलांटी पुढच्या अक्षराला जाऊन चिकटते. यावर माझा नियम असा: आधी द लिहायचा, मग रंगीत पेन्सिलीने मागे येऊन दांडी आणि वेलांटी, आणि तोंडाने ‘दि’ म्हटल्याशिवाय पुढच्या अक्षराला हात लावायचा नाही. अक्षर बेढब येतं, येऊ द्यावं.

रफार त्याहून चिवट. इथे र आधी ऐकू येतो आणि नंतरच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. ‘धर्म’ शिकवताना कागदाच्या पट्टीवर ‘धरम’ असं सुटं लिहायचं, मधला र कात्रीने कापायचा आणि म च्या डोक्यावर रफार काढायचा. ‘धर्‌’ला एक टाळी, ‘म’ला दुसरी. मग वर्ग, सर्प, अर्धा, पूर्व. दिवसाला 5 शब्द पुरतात. त्याच आठवड्यात ‘क्रम’ किंवा ‘ट्रक’ काढायचे नाहीत. र ची ही तिन्ही रूपं एकत्र शिकवली की आधी आलेलं रूपही पुसलं जातं. मी ती चूक केलेली आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक चौथीत सोडून द्यावा, आचारी उपाशी राहणार नाहीत.

फळ्यावरून उतरवून घेणं हे या मुलांना सर्वांत जड जातं. वर बघायचं, लक्षात ठेवायचं, खाली येऊन वहीत जागा शोधायची, परत वर गेल्यावर ओळ हरवलेली. माझ्याकडून दोन गोष्टी होतात: एका वेळी 4-5च ओळी, एकाआड एक पांढऱ्या आणि पिवळ्या खडूने, आणि ज्याला तेही जमत नाही त्याच्या बाकावर तोच मजकूर छापलेली पट्टी. ती देताना गाजावाजा नको. जागा दुसऱ्या रांगेत मधोमध, खिडकीपासून लांब. प्रकट वाचनाचा परिच्छेद आदल्या दिवशी सांगून ठेवायचा, आणि दोनच ओळी.

गणितात मराठीची स्वतःची मेख आहे. ‘सदतीस’मध्ये सात आधी ऐकू येतो, म्हणून मूल 73 लिहितं. त्यात हा सात कधी सद, कधी सत्ते, कधी सत्ता, कधी सदु अशी सोंगं घेतो. चौकटीच्या वहीत एका घरात एकच अंक, वर ‘द’ आणि ‘ए’. ऐकलेला पहिला अंक आधी एककाच्या घरात भरायचा, दशक नंतर. उजवीकडून लिहिलं तरी चालतं! फक्त एकोण-वाल्या संख्यांना ही युक्ती लावली की फसगत होते. ‘एकोणचाळीस’ ऐकून मूल 49 लिहितं, कारण चाळीस ऐकलेलं असतं. 19 ते 89 अशा त्या 8च संख्या आहेत. त्यांचं कार्ड वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवायचं: 40 मधून 1 गेला, 39. नव्याण्णव त्यात बसत नाही हे आधीच सांगून टाकावं. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 21 चं ‘वीस एक’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. माझं मत विचाराल तर या मुलांसाठी ती बरी पायरी आहे. ‘तीस सात’ ऐकून 73 लिहिणारं मूल मी क्वचितच पाहिलं.

आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर वर्गातच चालणाऱ्या तपासणीत, तोंडी उत्तर घ्यायला अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राची वाट बघावी लागत नाही. परिसर अभ्यासाचे प्रश्न मी तोंडी घेते, कारण तिथे जोडाक्षरं तपासायची नसतात. परीक्षेत सवलत म्हणून मिळणाऱ्या जादा वेळेचं एक सांगते: प्रश्नपत्रिका दाटीवाटीची असेल तर मूल जादा वेळ नुसतं बसून काढतं. पानावर 4च प्रश्न, ओळींत मोकळी जागा, सूचना एका वाक्याची. आणि मूल सांगेल ते लिहून घेणारा लेखनिक मिळाला म्हणजे भागलं असं नाही. ‘पूर्णविराम, नवीन ओळ, प्रश्न दुसरा’ असं तोंडी सांगून लिहवून घेणं हे वेगळंच कसब आहे. परीक्षेआधी किमान 4 वेळा सराव लागतो.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, आणि पुढे दहावीच्या सवलती प्रमाणपत्रावरच मिळतात. मुंबईत शीव, केईएम, नायर या रुग्णालयांत तपासणी होते. एका खेपेत काम होत नाही, बुद्ध्यंक आणि वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या वेगवेगळ्या दिवशी असतात. वय 8 च्या आत सहसा शिक्कामोर्तब करत नाहीत. शाळेच्या पत्रात ‘अभ्यासात कच्चा’ एवढंच लिहून पाठवू नये. वाचून 1, ऐकून 4 हे आकडे तारखेसकट लिहावेत. पालक हटकून चूक करतात ती वह्यांची: मुलाची ‘चांगली’ वही घेऊन जातात, आईने रात्री शेजारी बसून लिहवून घेतलेली. तिच्यात बघण्यासारखं काहीच नसतं. वर्गपाठाची, खाडाखोड केलेली, अर्धवट सुटलेली वही हवी. म्हणून एप्रिलमध्येच या मुलांच्या गेल्या दोन वर्षांच्या वह्या मी मागून घेते आणि वर्गाच्या कपाटात ठेवते, नाहीतर त्या मे महिन्यात रद्दीत जातात.