तुम्ही विचारलंत म्हणून: बाहेरचे बौद्ध आणि आपण

"श्रीलंकेचे, थायलंडचे, जपानचे बौद्ध भेटतात तुला. त्यांच्यापुढे आपण कमी पडतो असं नाही वाटत?" लग्नाच्या पंगतीत, ऑफिसात, वर्षावासाच्या प्रवचनानंतर चपला शोधतानासुद्धा हाच प्रश्न. तर एकदाच सांगते. नाही, कमी पडतो असं वाटत नाही. पण पूर्वी जे वाटायचं, तेही आता वाटत नाही.

मी काही गाइड नाही. इंग्रजी बरं बोलते, म्हणून विहारात पाहुणे आले की त्यांना नाशिकची पांडवलेणी दाखवायला मला पाठवतात. सुरुवातीला वाटायचं, हे पिढ्यानपिढ्यांचे बौद्ध, आपण बाबासाहेबांबरोबर ५६ साली बौद्ध झालेले. वंदना म्हणताना माझं अर्धं लक्ष आपले पाली उच्चार त्यांना खटकतायत का, याकडेच. (तुमच्यातल्या कितीजणांना असं होतं, खरं सांगा.)

मग श्रीलंकेतल्या कँडीकडच्या एक बाई आल्या. निवृत्त शिक्षिका, आईच्या वयाच्या. गुडघे दुखत असूनही सगळ्या पायऱ्या चढल्या, चैत्यगृहात स्तूपापुढे बराच वेळ बसल्या. बाहेर आल्यावर त्यांनी सहज विचारलं, तुमचं घराणं किती पिढ्या बौद्ध? म्हटलं, आजोबांपासून. त्याआधी? मी २ मार्च १९३० पासून सुरुवात केली. काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह, त्यातले आमचे आजोबा, मग येवल्याची धर्मांतराची घोषणा, मग दीक्षा. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "पण आता तुमच्याकडे बघून कळत नाही हं."

प्रेमाने म्हणाल्या. हे वाक्य नाशिकमध्ये मी कितीदा ऐकलंय. चैत्याच्या दारात, एका बौद्ध बाईच्या तोंडून मात्र पहिल्यांदाच. मीही मग सरळ विचारलं, तुमच्याकडे जात आहे? त्यांनी बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. त्यांच्या गावचे भन्ते सयाम निकायाचे, म्हणजे भिक्खूंच्या त्या पंथाचे. हा निकाय १७५३ पासूनचा, आणि त्यात उपसंपदा, म्हणजे पूर्ण भिक्खू होण्याची दीक्षा, मिळते ती फक्त गोविगम जातीच्या मुलांना. बाकीच्या जातींनी उपसंपदेसाठी ब्रह्मदेश गाठला, त्यातून अमरपूर निकाय उभा राहिला. शिवाय त्यांच्या विहाराच्या आवारात विष्णूचं देवालय. आणि आमच्या दीक्षेतली तर पहिलीच प्रतिज्ञा ब्रह्मा, विष्णू, महेशांना देव न मानण्याची!

उतरताना त्यांना हात दिला, पण बोलले नाही काही.

भावाला सांगितलं, तर तो म्हणाला, मग ते बौद्धच नाहीत, विषय संपला. बरेच दिवस मीही तेच म्हणत होते. सोपं जातं. पण ती बाई पौर्णिमेला पांढरी वस्त्रं नेसून आठ शीलं पाळते, दुपारनंतर घास घेत नाही. तिचं नाव कापणारी मी कोण? काळारामाच्या दारात आम्हाला अडवणारे तरी दुसरं काय करत होते? यावर भाऊ चिडतो. म्हणतो, त्यांनी अडवलं होतं, तू कुणालाही अडवलेलं नाहीस, बरोबरी करू नकोस. तेही खरंय.

हल्ली पाहुण्यांना आधी तिसऱ्या लेण्यात नेते. तिथे सातवाहनांच्या राजमातेने, गौतमी बलश्रीने, लेकाची प्रशस्ती कोरून घेतलीय. त्यात गौतमीपुत्र शक, यवन (म्हणजे ग्रीक) आणि पल्हव यांचा संहार करणारा आहे, चातुर्वर्ण्याचा संकर थांबवणाराही आहे. आणि लेणं दान दिलंय कुणाला, तर भिक्खूंना! मग सतराव्यात. ते कोरवून घेणारा स्वतःच यवन: उत्तरेकडच्या दात्तामित्रीचा, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त. तुम्ही कधीपासूनचे, असं त्यालाही कुणी विचारलं असेलच. त्याने शिलालेखात गाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं, आपण यवन हेही लपवलं नाही.

मला तेवढं जमत नाही. पुढच्या महिन्यात तैवानचे लोक येतायत. ओळख करून देताना १९५६ सांगायचं की नुसतं 'बौद्ध' म्हणायचं, यावरून भावाचं नि माझं वाजलंय. तो म्हणतो, साल सांगायचंच, ताठ मानेने. मला सालाची लाज नाही हो. पण साल सांगितलं की पाठोपाठ "त्याआधी?" येतं, आणि त्याचं उत्तर दर वेळी आम्हीच का द्यायचं?