बारा की बावीस

काका माझ्यासमोर आले तेव्हा पक्षाघाताला अकरा दिवस झाले होते. रक्ताच्या गुठळीनं मेंदूच्या डाव्या बाजूचा सुप्रामार्जिनल गायरस, म्हणजे कानाच्या थोडा वर आणि मागे असलेला भाग, निकामी केला होता. हातापायांत ताकद होती, बोलण्याला ओघ होता, सांगितलेलं समजत होतं. फक्त ऐकलेला शब्द परत म्हणताना गाडी घसरायची. आम्ही वाचोपचार करणारे याला कंडक्शन ॲफेजिया म्हणतो.

मी म्हटलं, "चिखल." काका : "खिच... नाही. चिल... चिखच... चिखल." 'पावसाळा' चौथ्या खेपेला जमलं. 'तिमोल', 'झापुगी' असे अर्थ नसलेले शब्द जवळजवळ अशक्यच, कारण तिथे अर्थाचा आधार नसतो आणि सगळी भिस्त नुसत्या ध्वनींवर असते. शब्द जितका लांब तितकी अक्षरांची अदलाबदल जास्त. पण दर खेपेला काका नेमक्या शब्दाच्या जवळ सरकत होते, आणि चूक झाली हे त्यांना कोणी सांगावं लागत नव्हतं. अशा वेळी मी निदान दहा सेकंद गप्प बसते. काकूंनाही तेच सांगावं लागलं. घरची माणसं प्रेमापोटी शब्द पुरवतात आणि रुग्णाची स्वतःची दुरुस्ती तिथेच तुटते. हे मला रोज दिसतं आणि रोज वाईट वाटतं.

"खिच" वर काका थांबले तेव्हा शब्द अजून अर्धाच बाहेर आला होता. ऐकलेला शब्द ओळखायलाच साधारण २०० मिलिसेकंद लागतात, त्यानंतर तोंड थांबवायचं. मग ही चूक कानानं पकडली की त्याआधीच कुठे तरी? ते बघण्यासाठी हेडफोन लावले, त्यात ८५ डेसिबलचा सपाट खरखराट सोडला. वीस चित्रांची नावं शांततेत सांगायची, वीसची गोंगाटात. इथे दोन गोष्टी हमखास फसतात. गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर लोंबार्द यांनी १९११ मध्ये नोंदवलेला परिणाम तो हाच. शिवाय स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून कानात पोचतच राहतो. म्हणून काकांना कुजबुजत बोलायला लावलं, कॉलरला माइक लावला आणि नंतर 'प्रात' या आवाज तपासायच्या संगणक प्रोग्राममध्ये ध्वनिलहरी उघडून प्रत्येक थांबा मोजला. काका शांततेत ज्या प्रमाणात थांबत होते, जवळपास त्याच प्रमाणात गोंगाटातही थांबले.

इथवर सगळं पुस्तकाप्रमाणे चाललं होतं. भाषेचे मानसशास्त्रज्ञ लेव्हेल्ट यांनी १९८३ मध्ये मांडलं होतं की बोलणाऱ्याकडे दोन पहारे असतात : एक कानातून बाहेरचं ऐकणारा, दुसरा उच्चाराआधीच आतला आराखडा तपासणारा. काकांचा आतला पहारा जागा आहे, असं मी टिपून ठेवलं.

चाचण्या आवरत असताना सिस्टर फाइल घेऊन आल्या. "काका, घरी जेवणाआधी इन्सुलिन किती घेत होतात?"

"बावीस."

न अडखळता, स्पष्ट, दुकानदाराच्या ठाम आवाजात. उभा जन्म किराणा दुकानात गेलेला. सिस्टरनी २२ लिहिलं. मी घाईनं जुनी चिठ्ठी काढायला लावली. त्यावर १२ युनिट होतं. जवळजवळ दुप्पट डोस, साखर धोकादायक खाली गेली असती. काकांच्या हातात पेन दिलं तर त्यांनी सरळ १२ लिहिलं. मग वाचून दाखवा म्हटलं, तर पुन्हा "बावीस", आणि चेहऱ्यावर शंकेची रेषही नाही.

कंडक्शन ॲफेजियात साध्या शब्दांत अक्षरं विस्कटतात, पण संख्या म्हणताना अनेकदा एका अख्ख्या संख्येच्या जागी दुसरी अख्खी संख्या येते, उच्चारात शुद्ध. हे मला माहीत होतं, म्हणून कान टवकारले गेले. सिस्टरना कोणी सांगितलं असणार? वॉर्डात नोंद होती 'बोलणं सुधारतंय, चुका स्वतः दुरुस्त करतात'. त्या एका ओळीमुळे काकांच्या न अडखळलेल्या प्रत्येक शब्दावर सगळ्यांचा भरवसा बसला होता. फिजिओथेरपी दुसऱ्या दिवसापासून सुरू होते, आणि वाचेसाठी बोलावणं अकराव्या दिवशी येतं. याचा मला मनापासून राग आहे.

मी तेव्हापासून हे मनात घोळवते आहे. 'चिखल'च्या वेळी लक्ष्य, म्हणजे मनात ठरलेला शब्द, शाबूत होतं आणि उच्चार त्याच्याशी जुळत नव्हता, म्हणून घंटा वाजली. 'बारा'च्या वेळी बहुधा लक्ष्यच 'बावीस' निवडलं गेलं आणि उच्चार त्याच्याशी तंतोतंत जुळला. पहारेकऱ्याच्या हाती मापच चुकीचं. १९८५ साली नोंदलेल्या एका बाईंची हीच तऱ्हा होती : त्या स्वतःच्या ध्वनींच्या चुका दुरुस्त करू पाहत, अर्थाच्या चुका सोडून देत. पण २०११ मध्ये नोझारी, डेल आणि श्वार्ट्झ या संशोधकांनी मांडलं की बोलण्याच्या यंत्रणेची जी पायरी मजबूत, त्या पायरीवरच्या चुका माणूस चांगल्या पकडतो. काकांची ध्वनींची पायरी तर मोडलेली आहे आणि नेमक्या तिथल्याच चुका ते पकडतात. हे मला अजून बसवता येत नाही.

आणखी एक. दुसऱ्या दिवशी समोर १२ लिहिलेलं कार्ड ठेवून मी त्यांचंच "बावीस" रेकॉर्डरवर ऐकवलं. काकांनी ताबडतोब मान हलवली, "नाही, नाही." म्हणजे कान ठीक होता. बोलत असतानाच तो ऐकत नव्हता. स्वतः बोलताना मेंदूचा श्रवणभाग आपल्याच आवाजाला दबका प्रतिसाद देतो, ते सगळ्यांचंच होतं. पण इतकं, की अख्खी संख्या निसटावी?

आता त्यांच्या पलंगाशी जाड अक्षरात सूचना लावली आहे : आकडा विचारू नका, लिहून घ्या. औषध, फोन नंबर, पैसे, सगळं कागदावर. काकूंनी घरी न्यायला तिची एक प्रत मागून घेतली. पुढच्या आठवड्यात दोन अंकी वीस संख्या घेणार आहे. आधी लिहायची, मग म्हणायची, आणि लगेच स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकून बरोबर की चूक ते बोटानं दाखवायचं.