टोपीवाला हिवाळा

१८ मे, शनिवार

आईला आज चेडवर्थला नेऊन आणलं. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशरमध्ये कोल्न नदीच्या खोऱ्यात, झाडीत लपलेला रोमन वाडा. शेवटचा रस्ता एवढा अरुंद की समोर ट्रॅक्टर आला आणि गाडी बरीच मागे घ्यावी लागली. आई देवाचं नाव घेत बसली होती.

१८६४ मध्ये इथल्या रानाचा रखवालदार हरवलेला फेरेट (सशांच्या शिकारीसाठी पाळतात तो मुंगसासारखा प्राणी) शोधायला उकरत होता म्हणे, तेव्हा फरशीचे तुकडे वर आले. आता सगळं नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे. जमिनीखाली बुटके खांब, बाहेर भट्टी, गरम हवा खालून फिरायची, असं मी आईला समजावत होते. ती म्हणाली, "म्हणजे घरच बंबावर ठेवलेलं की!"

जेवणघराच्या रंगीत खडे जडवलेल्या फरशीवर चार कोपऱ्यांत चार ऋतू. वसंत आणि ग्रीष्म म्हणजे उघडीवाघडी गुटगुटीत पोरं. शरदाचा कोपरा गेलाय. हिवाळा मात्र अस्सल इथला: टोपीचा जाड झगा, एका हातात मारलेला ससा, दुसऱ्यात निष्पर्ण फांदी. एवढ्याशा खड्यांत वाऱ्यानं फुगलेला झगा कसा काय दाखवला असेल! मी वरच्या लाकडी पुलावरून वाकून बघतच राहिले.

वरच्या कोपऱ्यात झरा. पाणी अजून अष्टकोनी कुंडात पडतं. जलदेवीचं ठिकाण, पण तिथल्याच दगडांवर कुणीतरी ख्रिस्ताची खूण कोरलेली. आई म्हणाली, "आपल्याकडं असतं तर शेंदूर लागला असता."

वाटेवर लिंबाएवढी गोगलगाय दिसली. रोमनांनी खायला आणलेली जात म्हणतात. आज तिला कायद्याचं संरक्षण आहे. आम्ही थांबून तिला जाऊ दिलं.

परतताना गाडीत आईला खोली नंबर २८ ची गोष्ट सांगितली. इसवी सन ४१० च्या सुमाराला ब्रिटनवरचा रोमचा अंमल संपला. शहरं ओस पडायला लागलेली. पण तिथल्या भिंतीच्या पायात सापडलेल्या कोळशाचं आणि हाडाचं वय काढलं, तर भिंत ४२४ नंतरची निघाली. फरशी भिंतीनंतरची. म्हणजे राज्य गेल्यावरही कुणीतरी कारागीर बोलावून नक्षी घालून घेतली. काम आधीच्या फरश्यांइतकं सफाईदार नाही, त्यात चुकाही आहेत.

आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "आणि मालकाला चूक दिसली नसेल होय गं?"