तुम्ही विचारलंत म्हणून: कॉम्प्युटर वाचून शिकतो म्हणजे नक्की करतो काय?

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे कळलं की सांगलीत कुणीतरी हमखास विचारतंच, अगदी लग्नात बुफेच्या रांगेत पण, की काय हो, तो कॉम्प्युटर म्हणे नेटवरचं वाचून वाचून शिकतो, मग खरं कुठलं नि खोटं कुठलं हे त्याला कळतं कसं? कळत बिळत काही नाही हो. तो मोजतो.

म्हणजे बघा, आधी त्याला दहा-पंधरा शहरांची नावं द्यायची, सांगली, मिरज, कराड वगैरे. तो ढीगभर वाक्यं चाळतो आणि बघतो की ह्या नावांपुढे 'शहरात' लई वेळा येतंय. झालं, मग 'शहरात'च्या आधी जे दिसेल ते शहर. विटा सापडलं, तासगाव सापडलं, आणि 'आपल्या शहरात उद्या पाणी येणार नाही' वाचून 'आपल्या' नावाचं शहर पण सापडलं! हे अडवायला नदी, भाजी, माणूस असे बाकीचे कप्पे पण सोबतच शिकवतात आणि बजावून ठेवतात की जे शहर आहे ते भाजी नसतं. 'आपल्या' तर सगळ्याच कप्प्यांत घुसतं, म्हणून बाद. पण मग कृष्णा? नदी पण आणि माणूस पण. 'कृष्णेला' म्हणजे नदी नि 'कृष्णाला' म्हणजे माणूस, हे आपल्या पोरांना शिकवावं लागत नाही, त्याला लागतं.

अमेरिकेत कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीत टॉम मिचेल यांच्या टीमने जानेवारी २०१० मध्ये नेल नावाचा असाच प्रोग्रॅम चालू केला. रात्रंदिवस वेब वाचायचं आणि काय सापडलं, त्यावर भरवसा किती, हे अडत्याच्या खतावणीसारखं मांडत जायचं. त्याने ब्राउझरमधल्या कुकीज, म्हणजे वेबसाइट आपल्या कॉम्प्युटरवर ठेवतात त्या छोट्या नोंदी, खायच्या कुकीज समजून बेकरीच्या मालात टाकल्या. लोक 'कुकीज डिलीट केल्या' लिहितात तसं 'फाइल्स डिलीट केल्या' पण लिहितात, म्हणून फाइल्स पण बेकरीत! पहिली चूक दुसरीला साक्षीदार. मग माणसांनी बसून निस्तरायचं.

आत्ताचे चॅटबॉट अशी खतावणी ठेवत नाहीत, पुढचा शब्द कुठला येईल ह्याचा अंदाज करत करत शिकतात, पण जे जास्त वेळा लिहिलंय ते जास्त पक्कं बसतं हे तिथेही आहेच.

आणि आपल्याकडे गोची इथेच होते. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पुराची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, हे बदलत नाही, शंभर ठिकाणी वाचलं तर बरंच. पण 'पाणी इतक्या फुटांवर गेलं' हे त्या दिवसापुरतं, खरं तर त्या तासापुरतं खरं असतं. २०१९ च्या पुराबद्दल इतकं लिहिलं गेलंय आणि कॉपी-पेस्ट इतकं, की एकाच मेसेजच्या पन्नास कॉप्या म्हणजे पन्नास जणांनी बघितलं असं नव्हे, हे मुद्दाम कॉप्या काढून टाकल्याशिवाय मोजणाऱ्याला दिसत नाही. त्यामुळे पावसाळ्यात पाणी किती झालं ते चॅटबॉटला विचारायचंच असेल तर विचारा, पण आकडा कुठल्या वर्षाचा, किती वाजताचा आणि कुणी दिलेला, तेवढं बघूनच घरातलं सामान वर चढवायचं का ते ठरवा.