बॉलपार्कमधली बिअर आणि पाहुण्यांचं ओळखपत्र: माझा अनुभव

भारतातून आलेल्या पाहुण्यांना अमेरिकेत मेजर लीग बेसबॉलची मॅच दाखवायला नेताना तिकीट, पार्किंग, गेटवरची तपासणी यांत कुठेच अडत नाही. अडतं ते बिअरच्या खिडकीवर. आणि अडतं ते मैदानाच्या वेबसाइटवरच्या एका मोघम वाक्यामुळे: ‘वैध सरकारी फोटो ओळखपत्र हवं.’ आधार कार्ड सरकारी आहे, त्यावर फोटोही आहे. तरीही खिडकीवर ते परत मिळतं, आणि मागे रांग खोळंबलेली असताना ६८ वर्षांच्या काकांना वयाचा पुरावा नाही म्हणून बाजूला व्हावं लागतं. काका काही बोलले नाहीत, पण मला ते अजून लागलेलं आहे. ‘परदेशी पाहुण्यांनी मूळ पासपोर्ट आणावा’ एवढी एक ओळ लिहिली असती तरी पुरलं असतं.

पांढरे केस दिसत असताना ओळखपत्र कशाला, हा प्रश्न तिथे उपयोगाचा नाही. कायद्याने वय २१ पूर्ण हवं, आणि बऱ्याच मैदानांवर वय कितीही दिसो, प्रत्येकाचं ओळखपत्र बघायचं असा शिरस्ता आहे. अल्पवयीन माणसाला दारू विकली गेली तर मद्यविक्रीचा परवाना धोक्यात येतो. म्हणून विकणारा तेच कागद मान्य करतो, ज्यांवर विसंबल्याबद्दल कायदा त्याला संरक्षण देतो. मॅसॅच्युसेट्स राज्याचा कायदा यात स्पष्ट आहे: तिथल्या यादीत त्या राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स, राज्याची ओळखपत्रं, लष्करी ओळखपत्र आणि पासपोर्ट आहे, परदेशी सरकारचा पासपोर्टसुद्धा. पण दुसऱ्या अमेरिकन राज्याचं लायसन्स त्या यादीत नाही. ते घालण्याचा प्रस्ताव २०२२ मध्ये इतर मुद्द्यांसोबत तिथल्या मतदारांपुढे आला होता, तो पडला. न्यू जर्सीच्या लायसन्सची जिथे ही गत, तिथे पुण्याच्या आरटीओचं लायसन्स कोण बघणार?

आधारची अडचण आणखी वेगळी. त्यावर मुदत संपण्याची तारीख नसते, आणि ‘वैध’ म्हणजे मुदत न संपलेलं, असं विक्रेत्याला शिकवलेलं असतं. काही जुन्या आधार कार्डांवर तर फक्त जन्माचं वर्ष छापलेलं आहे. भारतीय लायसन्सच्या मागे अमेरिकन लायसन्ससारखा बारकोड नसतो, त्यामुळे त्यांचं स्कॅनर ते वाचत नाही. आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट हा मूळ लायसन्सचा अनुवाद आहे, ते ओळखपत्र नव्हेच. पासपोर्टची झेरॉक्स, फोनमधला फोटो, डिजिलॉकर यांतलं काहीही पुढे करू नका. मूळ पुस्तिकाच लागते.

पासपोर्ट नेला तरी एक गाठ उरते, ती तारखेची. आपल्या पासपोर्टवर जन्मतारीख दिवस, महिना, वर्ष अशी असते. अमेरिकन माणूस आधी महिना वाचतो. २३/०८/१९५७ बघून तो थबकतो, कारण तेविसावा महिना नसतो. सुरुवात ०५/११ अशी असेल तर ५ नोव्हेंबरची ११ मे होते, आणि एकविशीच्या उंबरठ्यावरच्या मुलासाठी तो फरक मोठा असतो. यावर दोन उपाय आहेत. पासपोर्टमध्ये अमेरिकेचा व्हिसा चिकटवलेला असेल तर ते पान उघडा. तिथे जन्मतारखेतला महिना अक्षरांत असतो, त्यामुळे वाद राहत नाही. नसेल तर फोटोच्या पानावर तळाशी ज्या दोन ओळी असतात त्यांतली दुसरी दाखवा. आयएनडी या अक्षरांनंतरचे सहा अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. वरच्या उदाहरणातली तारीख तिथे ५७०८२३ अशी दिसेल. ही जागा बोटाने दाखवली की काम लवकर होतं.

बऱ्याच ज्येष्ठांचा व्हिसा जुन्या, रद्द झालेल्या पासपोर्टात असतो. खिडकीवर आधी नवा, चालू पासपोर्ट द्या. कोपरा कापलेली पुस्तिका पहिली हातात पडली तर विक्रेता ती मुदत संपलेली समजून परत करतो, आणि मग पुढचं काही ऐकून घेत नाही.

खिडकीवरच्या माणसाशी हुज्जत घालू नका. निर्णय त्याच्या हातात नसतो. नम्रपणे सुपरवायझरला बोलवायला सांगा आणि रांगेतून बाजूला उभे राहा. पासपोर्ट असेल तर बहुतेक वेळा काम होतं. तो हॉटेलवर राहिला असेल तर सुपरवायझरही काही करू शकत नाही.

पासपोर्ट नेण्यासाठी छोटा पाऊच घ्या. बहुतेक मैदानांवर बॅगेच्या मापाची मर्यादा असते, आणि अनेक ठिकाणी पाठीवरच्या सॅकला बंदी असते. रोख पैसेही अनेक मैदानांवर घेत नाहीत, म्हणून पाहुण्यांकडे परदेशात चालणारं कार्ड नसेल तर पैसे तुम्हालाच द्यावे लागतील. पण पैसे तुम्ही दिलेत म्हणून त्यांचं ओळखपत्र माफ होत नाही.

एका खेपेला साधारण दोनच पेयं मिळतात. चौघांसाठी चार हवी असतील तर दोघांनी रांगेत उभं राहा, दोघांकडेही ओळखपत्र हवं. मोठा कॅन २४ औंसांचा, म्हणजे सुमारे ७१० मिलिलिटरचा असतो. पाहुण्यांना हे आधी सांगा, नाहीतर ते दोन मागवून बसतात. एकविशीखालच्या भाच्याच्या हातात घोटभरासाठीही ग्लास देऊ नका. मैदानाबाहेर काढतात, आणि तो गुन्हाही ठरू शकतो.

विक्री कधी बंद होते हे प्रत्येक संघ ठरवतो. बेसबॉलच्या मॅचमध्ये नऊ इनिंग, म्हणजे डाव, असतात. जुनी पद्धत सातव्या इनिंगनंतर थांबायची. २०२३ मध्ये पिच क्लॉक, म्हणजे चेंडू टाकायला वेळेची मर्यादा घालणारं घड्याळ, आलं आणि नऊ इनिंगच्या मॅचचा सरासरी वेळ ३ तास ४ मिनिटांवरून २ तास ४० मिनिटांवर आला. विक्रीचा वेळ कमी झाला म्हणून ॲरिझोना, टेक्सास, मिनेसोटा, मिलवॉकी अशा काही संघांनी ती आठव्या इनिंगपर्यंत वाढवली. फिलाडेल्फिया संघाचा तेव्हाचा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) मॅट स्ट्रॅम याने त्याच वेळी जाहीर विरोध केला: मॅच लवकर संपत असेल तर प्रेक्षकांना गाडी चालवण्याआधी सावरायला वेळ मिळावा म्हणून विक्री आधी थांबवायला हवी. मला त्याचं म्हणणं पटतं. संध्याकाळी ७:१० ची मॅच आता दहाच्या आत संपू शकते, आणि शेवटचा ग्लास नवाच्या सुमारास घेतलेला असतो. शेवटची खेप घ्यायची तर सहावी इनिंग सुरू होताच रांगेत लागा. बरोबरीमुळे मॅच जादा इनिंगमध्ये गेली तरी खिडकी परत उघडत नाही.

हे निर्बंध जाचक वाटले तर क्लीव्हलँडची ४ जून १९७४ ची रात्र आठवावी. १० सेंटला १२ औंसांचा ग्लास, एका खेपेला सहापर्यंत, आणि २५ हजारांवर प्रेक्षक. नवव्या इनिंगमध्ये ५-५ अशी बरोबरी असताना लोक मैदानात घुसले, मारामारी झाली आणि पंचांनी सामना पाहुण्या टेक्सास संघाला बहाल केला. ओळखपत्राच्या शब्दरचनेवर माझा राग आहे, दोन ग्लासांच्या मर्यादेवर नाही.

गाडी चालवणाऱ्याने आत गेल्यावर गेस्ट सर्व्हिसेसच्या आसपास ‘डेझिग्नेटेड ड्रायव्हर’चं, म्हणजे न पिता बाकीच्यांना घरी नेणाऱ्यांसाठीचं, टेबल शोधावं. न पिण्याची हमी लिहून दिली की अनेक मैदानांवर फुकट कोल्ड्रिंकचं कूपन मिळतं. इथेही वय २१ पूर्ण आणि लायसन्स लागतं.

इथे शिकणाऱ्या मुलांसाठी एक राहिलं. बऱ्याच राज्यांत २१ च्या आतल्यांना उभ्या मांडणीचं लायसन्स देतात. वाढदिवस झाल्यावरही ते कार्ड मुदतीपर्यंत चालू असतं, पण काही विक्रेते उभं कार्ड बघताच नाही म्हणतात. २१ पूर्ण झाल्यावर डीएमव्हीत, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी कार्यालयात, जाऊन आडवं करून घ्या. ते हातात येईपर्यंत मॅचला जाताना पासपोर्ट बरोबर ठेवा.