वरकस मोकळी सोडली तर: सह्याद्रीच्या उतारावर जंगल परत कसं येतं

कोकणात आणि घाटमाथ्यावर नाचणी-वरी करणारी माणसं कमी झाली, तसतशी डोंगरउतारावरची वरकस पडीक होत गेली. अशी जमीन हाती आली आणि तिथे जंगल व्हावं असं वाटलं, की जो तो एकच प्रश्न विचारतो: झाडं कोणती लावू? माझं ठाम मत असं, की पहिले दोन पावसाळे काहीही लावू नका. खड्डे खणण्याआधी जमिनीखाली काय जिवंत आहे ते बघा.

वरकसात पिढ्यान्‌पिढ्या राब भाजला गेला, म्हणजे पेरणीआधी फांद्या-पाचोळा पसरून जमीन भाजली गेली. त्यासाठी ऐन, किंजळ, बोंडारा यांच्या फांद्या दरवर्षी तोडल्या गेल्या, पण मुळं कुणी उपटली नाहीत. म्हणून उघड्या बोडक्या दिसणाऱ्या उतारावर गुडघाभर गवतात हातभर उंचीचे फुटवे असतात, आणि त्यांच्या खाली मनगटाएवढी, कधी मांडीएवढी जुनी मुळं. असा फुटवा एका पावसाळ्यात मीटरभर वाढू शकतो. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाला तेवढं वाढायला तीन वर्षं लागतात, तेही जगलं तर. फ्रँक एग्लर या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९५४ साली हेच मांडलं होतं: शेत सोडल्यानंतर पुढे तिथे काय दिसेल, ते बऱ्याच अंशी सोडलेल्या दिवशी मातीत कोणती मुळं आणि बिया होत्या यावर ठरतं.

मोजणी अशी करा. सप्टेंबरच्या शेवटी, गवत पूर्ण वाळायच्या आत, उताराला आडव्या सरळ रेषेत चाला. दर दहा मीटरवर थांबून दोन मीटर त्रिज्येचं वर्तुळ धरा: मध्ये काठी रोवायची आणि दोन मीटर दोरी फिरवायची. आतले सगळे वृक्षजातींचे फुटवे आणि रोपं मोजा. एका खुंटाचे दहा फुटवे असले तरी मोजणीत एकच. फुटवा की बियांचं रोप याची शंका आली तर बुंध्याजवळची माती बोटाने उकरा. गाठाळ जाड खोड लागलं तर फुटवा. अशा वर्तुळाचं क्षेत्र साधारण १२.६ चौरस मीटर भरतं, म्हणून वर्तुळामागे येणाऱ्या सरासरीला ७९६ ने गुणलं की हेक्टरी संख्या मिळते. निदान तीस वर्तुळं घ्या, आणि पायवाटेच्या कडेची सोयीची जागा निवडू नका. तिथे गुरांचा वावर जास्त असल्याने आकडा हमखास कमी येतो. सरासरी एकाच्या वर असेल, म्हणजे हेक्टरी आठशेच्या आसपास, तर तुम्हाला राखण करायची आहे, लागवड नाही.

राखणीतला सर्वांत मोठा शत्रू वणवा. गवत नोव्हेंबर-डिसेंबरात वाळतं आणि फेब्रुवारीपासून मेपर्यंत कधीही पेटतं. आग जमिनीलगत धावते, मोठं झाड वाचतं, पण दीड-दोन मीटरच्या आतलं सगळं करपतं. फुटवा पुन्हा येतो, बियांचं रोप मात्र मरतं. दरवर्षी हेच झालं की झाडांची सावली कधीच पडत नाही, गवत दाट राहतं, आणि तेच पुढच्या वणव्याचं जळण होतं. ज्या उतारावर फक्त जाड सालीचे कुंभे विरळ उभे दिसतात, तिथे आगीचा इतिहास लिहूनच ठेवलेला आहे असं समजा.

जाळरेषा, म्हणजे आग अडवायला हद्दीवर गवत काढून मोकळा केलेला पट्टा, नोव्हेंबर संपायच्या आत काढायची, गवत अर्धं हिरवं असताना. जानेवारीत काढायला गेलात तर कोयत्याने कापणं सोपं जातं, पण कापलेलं गवत हलवायच्या आत ठिणगी पडली तर आगीला आयता रस्ता मिळतो. बाजूंनी तीन मीटर रुंदी पुरते. खालच्या हद्दीला मात्र सहा मीटर ठेवा. आग चढावर वेगाने धावते, कारण ज्वाळा वरचं गवत आधीच तापवून वाळवतात. नुसतं कापून उपयोग नाही, पाचोळा खरवडून माती उघडी करावी लागते, आणि फेब्रुवारीत ऐन-किंजळीची पानगळ सुरू झाली की रेषा पुन्हा झाडावी लागते. बहुतेक जाळरेषा फसतात त्या इथेच. रेषा जाळून काढायची असेल तर वारा पडलेला असताना, चार-पाच माणसं, ओल्या फांद्या आणि पाणी हाताशी ठेवून, ग्रामपंचायतीला आणि वनरक्षकाला आधी कळवूनच.

याहून चांगला उपाय म्हणजे शेजाऱ्यांना गवत कापून नेऊ देणं. जळण कमी होतं, आणि ज्याचा चारा तुमच्या जमिनीत आहे तो तिथे आग लागू देत नाही. धोका एवढाच, की कोयता गवताबरोबर रोपंही उडवतो. म्हणून कापणीआधी प्रत्येक रोपाशेजारी चुना लावलेली बांबूची काठी रोवा. मोकाट गुरांसाठी गडगा, म्हणजे दगडांची रचलेली भिंत, उत्तम, पण खर्चिक. चिल्हारीचं किंवा करवंदीचं कुंपण तीन-चार वर्षांत दाट होतं. शेळ्यांना मात्र यातलं काहीच पुरेसं अडवत नाही.

वणवा आणि चराई थांबली की क्रम दिसू लागतो. पहिल्या पावसाळ्यात गवत, तेरडा, कुर्डू, टाकळा. पुढच्या दोन-पाच वर्षांत धायटी, दिंडा, करवंद, आणि नको असली तरी रानमोडी आणि घाणेरी ही बाहेरून आलेली झुडपं. मग ऐन-किंजळीचे फुटवे गवताच्या वर डोकं काढतात, उघड्या ओलसर जागी चांदाडा झपाट्याने वाढतो. अंजनी, जांभूळ, पिसा ही घाटमाथ्याच्या सदाहरित रानातली मंडळी सावली झाल्यावर येतात आणि त्यांना दशकं लागतात.

हे एकामागोमाग एक शिस्तीत होतं असं समजू नका. कॉनेल आणि स्लेटियर या परिसरशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये अनुक्रमणाच्या, म्हणजे एका जागी एकामागून एक जाती येत जाण्याच्या, तीन वाटा सांगितल्या: आधी आलेली जात पुढच्या जातीला मदत करते, नुसती सहन करते, किंवा अडवते. एकाच उतारावर तिन्ही दिसतात. करवंदीच्या काटेरी जाळीत गुराचं तोंड शिरत नाही, तिच्या सावलीत ओल टिकते, आणि आत जांभळाचं रोप सुरक्षित वाढतं. म्हणून करवंदीची जाळी ‘साफसफाई’च्या नावाखाली तोडणं ही मोठी चूक. ऐनाचा फुटवा करवंद असो-नसो, आपला वाढतो. आणि रानमोडी दोन-तीन मीटर उंच भिंत उभी करून खालच्या सगळ्यांचा उजेड तोडते, शिवाय वाळल्यावर भडकून पेटते.

रानमोडी जुलै-ऑगस्टमध्ये, माती मऊ असताना, मुळासकट उपटावी. नुसती छाटली तर बुंध्यातून दुप्पट फुटते, आणि फुलल्यानंतर हात लावला तर कपड्यांबरोबर बी तुम्हीच पसरवता. घाणेरीचं मुख्य मूळ जमिनीच्या तीन ते पाच सेंटिमीटर खाली कुदळीने तोडा आणि झुडूप उलटं करून ठेवा, म्हणजे पुन्हा मुळं धरत नाही. पण सगळा उतार एका दमात मोकळा करू नका. उघड्या मातीत त्यांचंच बी पुन्हा उगवतं आणि मुसळधार पावसात माती वाहते. आधी प्रत्येक देशी रोपाभोवती एक मीटर मोकळं करा, उपटलेलं झुडूप उताराला आडवं पसरा, आणि बाकीचं पुढच्या वर्षी.

तिसऱ्या वर्षी पुन्हा मोजणी केल्यावर लागवडीचा विचार करावा, तोही फक्त जे आपणहून येऊ शकत नाही त्याचा. ऐन-किंजळीचं पंखवालं बी वाऱ्याने येतं. करवंद, अंजनी बुलबुल आणतो. पण बुलबुलाच्या चोचीत जे मावत नाही, ते वटवाघूळ, कांडेचोर किंवा धनेशाच्या भरवशावर असतं, आणि हे प्राणी उघड्या माळावर क्वचित येतात. म्हणून जवळ देवराई आहे का, याला फार महत्त्व आहे. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवराया अभ्यासल्या; आज त्याच देवराया आजूबाजूच्या उतारांसाठी बियांचा साठा आहेत. तिथलं पडलेलं बी गावाला विचारून, थोडंच घ्यावं. जांभळाचं बी वाळवून ठेवू नका, काही आठवड्यांत त्याची उगवणशक्ती जाते. गर धुतला की त्याच आठवड्यात पेरा. पक्ष्यांना बसायला तीन-चार मीटर उंच बांबूचे आडे उभारणं चांगलं, पण खालचं गवत मीटरभर खरवडून पाचोळ्याने झाकलं नाही तर पडलेलं बी रुजतच नाही.

आता कायमचे चौकोन, म्हणजे बदल कळावा म्हणून पुन्हापुन्हा मोजायच्या ठरलेल्या जागा. वृक्षांसाठी १० × १०, झुडपांसाठी त्यात ५ × ५, गवत-रोपट्यांसाठी १ × १ मीटर. चढावर टेप जमिनीलगत धरला तर चौकोन नकाशावर लहान पडतो: ३० अंशांच्या उतारावर १० मीटर आडव्या अंतरासाठी टेपवर ११.५५ मीटर घ्यावे लागतात. लोखंडी गज चोरीला जातात, आणि झाडीत मोबाइलचं जीपीएस पाच-दहा मीटर चुकतं. म्हणून कोपऱ्यांवर रंगवलेल्या दगडांचे ढीग करा. झाडाच्या खोडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, चढाच्या बाजूने उभं राहून मोजा, आणि तिथे रंगाची खूण करा, नाहीतर दोन वर्षांतला फरक वाढीचा की हात सरकल्याचा हे कळणार नाही. क्रमांकाच्या पत्र्याची तार सैल बांधा. घट्ट तार खोडात रुतते.

या चौकोनांतून दोन वेगळ्या गोष्टी कळतात. पहिली विविधता. शॅनन निर्देशांक, म्हणजे जाती किती आणि त्यांची संख्या किती समान वाटलेली आहे हे एका आकड्यात सांगणारं माप, सगळे काढतात, पण तो जपून वाचा. पाच जातींची शंभर झाडं, प्रत्येकी वीस असतील तर निर्देशांक १.६१ येतो; त्याच पाच जाती ९६, १, १, १, १ अशा असतील तर ०.२२. दोन्हीकडे जाती पाचच. शिवाय अनुक्रमणाच्या मधल्या टप्प्यावर माळाच्या आणि रानाच्या जाती एकत्र नांदतात, तेव्हा निर्देशांक जुन्या रानापेक्षाही जास्त दिसू शकतो, आणि त्यात रानमोडी-घाणेरीही मोजली गेलेली असते. जातींची यादी शेजारी नसेल तर तो आकडा मी विचारातच घेत नाही.

दुसरी गोष्ट एकेका जातीची संख्या कशी हलते. समजा अंजनीची ४०० रोपं क्रमांक लावून सोडली आणि वर्षाने १२० उरली. जगण्याचं प्रमाण ३० टक्के. हाच दर पुढे लावला तर दुसऱ्या वर्षी ३६, तिसऱ्या वर्षी ११ उरतील आणि जात संपणार असं वाटेल. तसं होत नाही, कारण पहिला उन्हाळा काढलेल्या रोपाची मुळं खोल गेलेली असतात आणि त्याचं जगण्याचं प्रमाण बरंच वाढतं. म्हणून ३० सेंटिमीटरच्या आतली, ३० ते १०० सेंटिमीटरची, मीटरच्या वरची आणि फळणारी असे गट वेगळे ठेवून प्रत्येकाचा दर स्वतंत्र काढा. भरपूर लहान रोपं आणि मधला गट रिकामा असेल तर आग किंवा चराई कुठेतरी सुरू आहे. मोठी झाडं आहेत पण रोपंच नाहीत, तर बी पडतंय का आणि ते कोण खातंय ते शोधा.

एक सावधगिरी. उघडी दिसणारी प्रत्येक जमीन तुटलेलं जंगल नसते. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे सपाट कातळपठारावर, माती काही सेंटिमीटरच असते. पावसाळ्यात पाणी साचतं, उन्हाळ्यात कातळ तापतो, आणि झाडांकडे जाणारं अनुक्रमण तिथेच अडतं. गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू या जाती त्याच जागेच्या आहेत. पहारीने तीस सेंटिमीटर खणून बघा. कातळ लागला तर तिथे खड्डे, माती, रोपं काहीही नेऊ नका.

आणि कारवी हे झुडूप असलेला उतार वेगळा हाताळा. तिथली कारवीची सगळी झुडपं एका वयाची असतात, सात वर्षं वाढून आठव्या वर्षी एकत्र फुलतात आणि बी धरून मरतात. मुंबई-ठाण्याच्या डोंगरांत २००८, २०१६ आणि २०२४ ला मोठा बहर आला. काही पट्टे वर्षभर पुढेमागे असतात. बहरानंतरच्या पावसाळ्यात चौरस मीटरमध्ये दाटीवाटीने रोपं उगवतात आणि पुढे एकमेकांच्या सावलीत बहुतेक मरतात. ही विरळणी निरोगी आहे, तिला रोगराई समजून रोपं उपटू नका. बहर आणि नवी रोपं रुजणं यांमध्ये वाळक्या काड्यांचा जो उन्हाळा येतो, त्यात उतारावर आगीला सर्वाधिक जळण असतं आणि सगळं बीही तेव्हाच धोक्यात असतं. २०२४ ला फुललेल्या पट्ट्यांत पुढचा बहर २०३२ ला अपेक्षित आहे, म्हणजे २०३२ च्या नोव्हेंबरात तिथली जाळरेषा नेहमीपेक्षा दुप्पट रुंद काढावी लागेल.